सोलापुरातील वंशशोध

तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात येऊन राहिलेल्या कुटुंबांनी आपल्या पूर्वजांची नावे, गोत्र, मूळ गाव आणि स्थलांतराचा काळ कागदपत्रांतून व घरच्या आठवणींतून लावून घेणे, म्हणजे येथील वंशशोध. असा शोध शहरातले इतर समाजही घेतात. या नोंदीत मुख्यतः पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली घरांचा विचार केला आहे.

ही घरे बहुतेक निजामाच्या राज्यातून, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून आली. गिरणीच्या स्वस्त कापडाने खेड्यातल्या मागाचे गिऱ्हाईक तोडले होते, त्यात 1876–78 चा दुष्काळ पडला. सोलापुरात 1860 मध्येच रेल्वे आली होती, 1874 मध्ये वाडी–सिकंदराबाद मार्ग सुरू झाला आणि 1877 मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीमुळे सूत दाराशी मिळू लागले. येणे एकाच लाटेत झाले नाही. आधी एक भाऊ येई, त्याचे बस्तान बसले की मेहुणा, मग चुलते. काही जण येथूनही पुढे मुंबई, भिवंडीला गेले. त्यामुळे सोलापूरच्या कागदांत अचानक दिसेनासा झालेला भाऊ मेला असेल असे मानण्यापूर्वी भिवंडीत विचारपूस करावी.

वंशावळ काढण्याची हौस फार थोड्यांना असते. बहुतेक घरांत ती पहिल्यांदा मांडली जाते ती मुलाच्या प्रवेशाच्या वेळी, जातपडताळणीसाठी. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात मोडतो आणि त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा लागतो. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करायचे म्हणून आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची शोधाशोध सुरू होते, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला जातो आणि त्यात जन्मस्थळाच्या रकान्यात कुणीही न ऐकलेले एखादे गाव निघते. खरा शोध पुष्कळदा तेथून सुरू होतो. प्रमाणपत्र हाती आले की बाकीचे लोक थांबतात.

शहरातल्या कागदांची साखळी साधारण तीन-चार पिढ्या मागे नेते. महापालिकेची जन्म-मृत्यूची रजिस्टरे (नगरपालिका 1852 ची, त्यामुळे जुन्या मोडी नोंदींसाठी वाचक शोधावा लागतो), घराचे मालमत्ता पत्रक, गिरणी कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन. शेवटच्या कागदाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण त्यात वारसांची नावे नात्यासकट लिहिलेली असतात. मराठी नोंदीची एक मोठी सोय अशी की स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव एका ओळीत येते. म्हणजे एका कागदात दोन पिढ्या. तेलुगू रीतीत आधी इंटिपेरु म्हणजे आडनाव, मग व्यक्तीचे नाव. बाप त्यात नाही. म्हणून सोलापुरात जन्मलेल्या पहिल्या पिढीचा बाप हमखास सापडतो आणि आजा हरवतो.

नावांचा घोळ वेगळाच. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने एका घरात दोन नरसय्या आणि तीन मल्लय्या निघतात. लक्ष्मव्वा शाळेत किंवा दवाखान्यात लक्ष्मीबाई होते. तेलुगू आडनाव कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे मराठीत उतरले, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. सख्ख्या भावांची आडनावे दोन तऱ्हेने लिहिलेली असणे येथे नवलाचे नाही. त्यातच मामाच्या मुलीशी, कधी भाचीशीही लग्न होत असल्याने वंशवृक्षाच्या फांद्या पुन्हा एकमेकींत शिरतात. एकच पणजोबा दोन वाटांनी येतो आणि छापील नमुन्यात त्याला बसवायला जागा नसते.

तेलंगणात गेल्यावर आधी गावाचा जिल्हा शोधावा लागतो. 2016 मध्ये तेथील 10 जिल्ह्यांचे 31 झाले, 2019 मध्ये 33. आजी ज्याला करीमनगर म्हणायची ते गाव आता सिरसिल्ला किंवा जगत्याल जिल्ह्यात असू शकते. निजामकाळातले दप्तर फारसी-उर्दूत आणि फसली सालात, म्हणजे महसुली कालगणनेत आहे. फसली सालात 590 मिळवले की ढोबळमानाने इसवी सन येते. जमिनीसाठी 1954–55 ची खासरा पहाणी (गावच्या जमिनींची नोंद) पाहावी असा सल्ला सगळेच देतात. विणकराच्या बाबतीत तो अर्धाच उपयोगी, कारण पुष्कळांकडे जमीन नव्हतीच. त्यापेक्षा गावठाणातले घर, मार्कंडेय मंदिराची वर्गणी आणि त्याच आडनावाची मागे राहिलेली भावकी यांची चौकशी लवकर फळते.

तोंडी परंपरेचा आधार दोन ठिकाणी मिळतो. पद्मशाली स्वतःला मार्कंडेय ऋषींचा पुत्र भावनाऋषी याचे वंशज मानतात. ही कथा कापडावर रंगवलेली लांब चित्रपट्टी उलगडून सांगणारे कुनपुली नावाचे आश्रित गायक तेलंगणात आहेत. त्यांची कथा समाजाची उत्पत्ती सांगते, एखाद्या घराच्या खापरपणजोबांपर्यंत नेत नाही. ही सीमा न ओळखता पुष्कळ हौशी वंशावळी थेट ऋषींना नेऊन भिडवल्या जातात. दुसरा आधार गोत्राचा. सगोत्र विवाह टाळायचा म्हणून ते कुणी विसरत नाही, मात्र एकच गोत्र शेकडो असंबंधित घरांत असते. आडनाव, गोत्र आणि मूळ गाव ही तिन्ही जुळली तरच नात्याचा अंदाज बांधावा.

बायकांची बाजू सर्वांत दुबळी. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही नवऱ्याची, त्यामुळे माहेर कागदातून पुसले जाते. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी पूर्व भागातल्या अनेक घरांची रीत. 1976 च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यानंतर मिळालेले ओळखपत्र हा अशा घरांत आजीच्या नावाचा पहिला स्वतंत्र कागद ठरू शकतो. माहेरचे गाव शोधायचे तर आषाढातल्या बोनालू सणात किंवा बतुकम्मा सणाच्या गाण्यांत बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलेले बरे. लग्नाला कुठून कोण आले होते, हे त्यांना नावानिशी आठवते.

इतर समाजांचे मार्ग निराळे. लिंगायत, मराठा व धनगर घरांकडे हेळवी येतात आणि पिढ्यांची नावे म्हणून दाखवतात. पंढरपुरात तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या नोंदी असतात. तेलंगणातून आलेल्या विणकराला पंढरपूरची वही बहुधा सोलापुरातल्या पिढ्यांपुरतीच कामाला येते. सेटलमेंट नावाच्या सरकारी वसाहतीत तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या पारधी, कैकाडी, टकारी कुटुंबांची गोष्ट उलटी आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांची हजेरी सरकारच घेत होते आणि हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपेपर्यंत त्यांची नावे पोलिसी दप्तरात लिहिली जात राहिली. वंशशोधाला त्या नोंदी उपयोगी आहेत, पण आजोबांच्या नावापुढे तेथे काय लिहिले असेल या विचाराने काही घरे त्या मागायलाच जात नाहीत.