जास्त कॅरट म्हणजे मोठा हिरा?

ऑनलाइन हिरा शोधताना बहुतेक जण आधी कॅरटचा फिल्टर लावतात. जास्त कॅरट म्हणजे मोठा हिरा, हा समज त्यामागे असतो. पण कॅरट हे निव्वळ वजन आहे. 1 कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. ते वजन हिऱ्यात नेमकं कुठे आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

नीट पैलू पाडलेला 1 कॅरटचा गोल हिरा साधारण 6.5 मिलिमीटर व्यासाचा भरतो. तोच जास्त खोल कापला तर वजन खालच्या भागात दडतं आणि व्यास 6.2च्या आसपास येतो, म्हणजे चांगल्या कटच्या 0.90 कॅरटएवढा! शिवाय प्रकाश खालून निसटतो आणि मधला भाग काळपट दिसतो. पैसे मात्र पूर्ण कॅरटचे. असे हिरे बाजारात येतात, कारण 1 कॅरटचा टप्पा गाठला की दर कॅरटमागचा भावच उडी मारतो. साहजिकच पैलू पाडताना चमकेपेक्षा वजन वाचवण्याकडे कल राहतो.

म्हणून प्रमाणपत्रावरची मिलिमीटरमधली मापं आधी वाचा. गोल हिऱ्यात जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेची कटची, म्हणजे पैलूंच्या दर्जाची, श्रेणी सर्वोच्च ‘एक्सलंट’च असावी, इथे तडजोड नको, असं माझं स्पष्ट मत आहे. काटकसर शुद्धतेत करा. ती 10 पट भिंगाखाली ठरते. व्हीएस2 या शुद्धतेच्या श्रेणीतल्या हिऱ्यातले दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. त्याखालच्या एसआय1 श्रेणीतला घ्यायचा असेल तर मोठा करून दाखवलेला व्हिडिओ पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.