अंगावरून वारं जाण्याआधी

आमच्याकडं औसा तालुक्यात कुणाची एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं की म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ माझ्या चुलत्यांचं असंच झालं. पौषातली पहाट होती. चहा घेऊन गोठ्यात गेले आणि धार काढता काढता बादलीसकट कलंडले. घरात आजही एकच हळहळ ऐकू येते, की त्या दिवशी त्यांनी मफलर बांधला नव्हता. डॉक्टर याला मेंदूचा झटका म्हणतात. पुस्तकी शब्द घ्यावा तर तो अर्धांगवायू, म्हणजे त्यातही वायू आहेच. आणि वाऱ्याचं कसं, तो आला नि गेला. कालपर्यंत काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही.

याला अडाणीपणा म्हणायची घाई नको. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट डोकं मागून भयंकर दुखतंय म्हणत कोसळले आणि काही तासांत गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० भरला. वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासलं तेव्हाही तो १८६/१०८ होता. तरी त्यांचे मुख्य डॉक्टर तब्येत वयाच्या मानानं चांगली असल्याचंच सांगत राहिले. यात राजकारण होतंच, पण निव्वळ लपवाछपवीही नव्हती. वय वाढलं की रक्तवाहिन्या ताठरतात, मग रक्त पुढं ढकलायला दाब वाढायलाच हवा, असं तेव्हा बरेच डॉक्टर मनापासून मानत. वयात शंभर मिळवा, तेवढा वरचा आकडा चालतो, असा सोपा हिशेब होता.

हा हिशेब मोडला तो बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या गावानं. १९४८ मध्ये तिथं सुरू झालेल्या हृदयविकाराच्या अभ्यासात ५,२०९ माणसं घेतली, त्यांत निम्म्याहून जास्त बाया. त्या काळात हृदयविकार म्हणजे पुरुषांचं दुखणं अशी समजूत होती, म्हणून हे विशेष. पण खरी युक्ती वेगळीच होती. दवाखान्यात पडलेल्या रोग्याला ‘तुला हे कशानं झालं’ म्हणून विचारलं, तर तो आठवेल ते सांगणार. आमच्या घरचा मफलर तसाच. फ्रेमिंगहॅमच्या डॉक्टरांनी हृदयाचा किंवा मेंदूचा झटका न आलेली माणसं निवडली, त्यांचा रक्तदाब, रक्तातलं कोलेस्टेरॉल, वजन, सिगारेटची सवय, सगळं आधीच लिहून ठेवलं आणि दर दोन वर्षांनी त्यांना पुन्हा बोलावलं. मग वाट पाहिली. कोण पडतं आणि कोण टिकतं, हे काळानं सांगायचं होतं. माझ्या मते वैद्यकातलं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात धाडसी काम असावं.

१९६१ मध्ये या अभ्यासातले डॉक्टर विल्यम कॅनेल, थॉमस डॉबर आणि सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला. आज डॉक्टर ज्याला सहज ‘रिस्क फॅक्टर’ म्हणतात, तो विचार तिथून रूढ झाला. धोका वाढवणारी गोष्ट म्हणजे रोग नव्हे आणि शिक्षाही नव्हे. दाब वाढलेला माणूस नव्वदीपर्यंत जगेलही. पण तशा हजार माणसांत झटके जास्त येतील. ‘आमचे आजोबा जन्मभर बिड्या ओढून ठणठणीत होते’ हा पारावरचा युक्तिवाद इथंच घसरतो. आजोबा एक, हिशेब हजारांचा.

पुढं १९७० मध्ये त्याच नोंदींतून दाब आणि मेंदूचा झटका यांचं नातं स्पष्ट झालं. १९७८ मधला निष्कर्ष मला त्याहून विलक्षण वाटतो. काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. पाणी वाहतं राहिलं नाही की शेवाळ धरतं, तसं तिथं साचलेलं रक्त गोठतं. त्यातली एखादी गुठळी सुटून मेंदूच्या वाहिनीत अडकते. अशा माणसांना मेंदूच्या झटक्याचा धोका पाच पटींहून अधिक, आणि लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची झडप खराब झाली असेल तर सतरा पटींहून अधिक निघाला. म्हणजे वारं खरंच कुठून तरी सुटतं. फक्त ते बाहेरून येत नाही.

फ्रेमिंगहॅमची ही पहिली पिढी जवळपास सगळी गोरी होती. तिथला आकडा जसाच्या तसा औशाला लावता येत नाही. ५२ देशांत झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या माहितीतून दिसलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयाचा पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या आसपास. तंबाखूचीही आमची तऱ्हा वेगळी. पुरुषांच्या खिशात बिडी नाहीतर चुन्याची डबी, बायांच्या चुलीपाशी मशेरी. १९९१ पासून मुंबईत मतदार याद्या हाती घेऊन सुमारे दीड लाख लोकांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा बिडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही हे आकड्यांतच उतरलं.

मग मराठवाड्यात असा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा अभ्यास का होऊ नये? गावं तयार नसतात, हे म्हणायला जागा नाही. बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे तालुके १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणीत आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्याच १ लाख ३१ हजारांवर बाया १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीत सामील झाल्या. एचपीव्ही म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू; त्याच्या एका तपासणीनं त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला त्यांच्यामुळं कळलं.

अडचण आहे ती कॅलेंडरची. दसरा झाला की बीड, धाराशिवकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन निघतात, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. गावात येऊन मोजणाऱ्याला ही माणसं भेटणार उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्यात. आणि रक्तदाब हिवाळ्यात चढतो, उन्हाळ्यात उतरतो. थंडीनं कातडीजवळच्या वाहिन्या आवळतात, त्यामुळं दाब वाढतो. झटकेही थंडीत जास्त येतात. चुलत्यांच्या मफलरात तेवढं तथ्य होतं म्हणायचं. तेव्हा ऊसतोडणाऱ्यांचा थंडीतला आकडा हवा असेल, तर दाब मोजायचं यंत्र आणि रजिस्टर घेऊन उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे त्यांच्या झोपड्यांपर्यंत जावं लागेल, तेही पहाटे तोडीला निघायच्या आधी.