पेढ्यांच्या खोक्यात हळकुंडं

कंदी पेढ्यांचा रिकामा खोका साताऱ्यात कुठल्याही घरी सापडेल. त्यात चार हळकुंडं भरा, झाकण लावा आणि पाच वर्षांच्या मुलाला विचारा, ‘आत काय असेल?’ तो ‘पेढे’ म्हणेल. उघडून दाखवा, पुन्हा बंद करा. आता खरा प्रश्न : ‘ताई बाहेर खेळतीय, तिनं आत बघितलेलं नाही. तिला विचारलं तर ती काय म्हणेल?’ पाच वर्षांची बहुतेक मुलं ‘पेढे’ म्हणतात आणि ताईची फजिती होणार म्हणून गालातल्या गालात हसतात. तीन वर्षांचं पोर ठामपणे ‘हळकुंडं’ सांगतं. आपल्याला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असा त्याचा हिशेब. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असतं, हे ओळखणं स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना पुष्कळदा जड जातं.

याच जातीची चाचणी लंडनच्या सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. सॅली ही बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ती गोटी खोक्यात लपवते. परतलेली सॅली गोटी कुठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी खोका दाखवला. डाऊन सिंड्रोमच्या (या जन्मजात स्थितीत बौद्धिक वाढ मंद असते) १४ मुलांपैकी मात्र १२ जणांनी बरोबर टोपली दाखवली, आणि भाषेच्या चाचणीत ती स्वमग्न मुलांच्या बरीच मागे होती. म्हणजे प्रश्न बुद्धीचा नव्हता.

घरी हा खेळ करताना दोन प्रश्न जोडीला हवेतच : ‘आत्ता आत खरंच काय आहे?’ आणि ‘ताईनं बघितलंय का?’ यांची उत्तरं चुकली तर मुख्य उत्तर धरू नका, कारण मग अडचण आठवणीची किंवा भाषेची असू शकते. काही मुलं नुसता शेवटचा ऐकलेला शब्द परत म्हणतात. घरात कुणालाच खुणांची भाषा येत नाही अशी कर्णबधिर मुलंही या चाचणीत मागे पडतात. तेव्हा खोक्यावरून निदान करायचं नाही, ते तज्ज्ञांचं काम.

चाचणी पास झाली म्हणजे मिटलं, असंही नाही. भाषेची समज साधारण नऊ वर्षांच्या मुलाइतकी झाली की अनेक स्वमग्न मुलं बरोबर उत्तर देतात. पण विचारल्यावर. २००९ सालच्या एका अभ्यासात असे शब्दांतले प्रश्न सोडवणाऱ्या स्वमग्न प्रौढांची नजर, कुणी न विचारता, समोरचं माणूस वस्तू जिथे शोधेल तिथे आपणहून गेली नाही. इतरांना जे आपसूक सुचतं ते इथे गणितासारखं सोडवावं लागतं, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत गणिताला वेळ कुठला!

मराठीनं तर त्यात भरच घातली आहे. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. काका ‘येतो हं’ म्हणून गेले की स्वमग्न मूल दाराशी वाट बघत बसतं. आजी म्हणते ‘मीठ वाढलंय’, म्हणजे संपलंय. अशा वेळी सरळ सांगावं : ‘काका घरी गेले. रविवारी परत येतील.’ एका वेळी एकच वाक्य, मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. मध्येच प्रश्न बदलून विचारला की मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. भांडण झालं असेल तर कागदावर दोन माणसं काढा, डोक्यावर ढग काढा, कोण काय समजला ते ढगात लिहा. मन दिसत नाही, ढग दिसतो. ‘माझ्या डोळ्यांत बघून बोल’ हा आग्रह मात्र सोडा, अनेकांना नजर मिळवताना ऐकणंच जड जातं.

आणि भावना? दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखणं वेगळं, त्याच्या दुःखानं कळवळणं वेगळं. बहीण रडायला लागली की स्वमग्न भाऊ कान झाकून पळतो. घरचे ‘दगड आहे नुसता’ म्हणतात. पुष्कळदा तो आवाजानं आणि तिच्या त्रासानं इतका भरून गेलेला असतो की उभं राहणंच होत नाही. ‘तिला पाणी नेऊन दे’ असं नेमकं काम सांगून बघा.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं की ही कोंडी दुहेरी आहे : त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. सांगलीच्या स्टँडवर मिरजेची बस वळताना दिसली की एखादा मुलगा दोन्ही हात फडफडवतो. रांगेतले लोक त्याला घाबरलेला समजतात, कुणी आईला ‘आवरा त्याला’ म्हणतं. त्याला आवडते तीच बस आलेली असते.