‘प्रिंट टू फाइल’ केल्यावर फाइलमध्ये नेमकं काय उतरतं?

‘प्रिंट टू फाइल’ केल्यावर डिस्कवर जी पीआरएन फाइल तयार होते, तिचं नाव बदलून शेवटी ‘पीडीएफ’ लिहिलं की तिची पीडीएफ होते, हा समज अजून चांगलाच टिकून आहे. मग ती उघडत नाही, ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो आणि लोक ती पुसून टाकतात. फाइल बहुधा ठणठणीत असते. फक्त ती वाचणारा प्रोग्राम चुकीचा असतो.

प्रिंटच्या खिडकीत ‘प्रिंट टू फाइल’वर खूण केली, किंवा प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘फाइल’ हे पोर्ट निवडलं, तरी ड्रायव्हर, म्हणजे आपला मजकूर प्रिंटरच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, आपलं नेहमीचंच काम करतो. त्याने तयार केलेले बाइट प्रिंटरकडे न जाता डिस्कवर उतरतात, एवढाच फरक. त्यामुळे पीआरएन हा फाइलचा ठरावीक प्रकार नाहीच. आत काय असेल, ते ड्रायव्हर कोणती भाषा बोलतो त्यावर ठरतं: पोस्टस्क्रिप्ट, एचपीची पीसीएल, एप्सनची ईएससी/पी, नाहीतर बऱ्याच स्वस्त प्रिंटरांसारखी कंपनीची खासगी ठिपक्यांची भाषा.

ओळखायला नोटपॅड पुरतं. पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि ‘पीएस’ ही अक्षरं दिसली तर पोस्टस्क्रिप्ट. सुरुवातीला ‘ॲट पीजेएल’ अशा ओळी असतील तर त्यांत ‘एंटर लँग्वेज’ शोधा; पुढे भाषेचं नाव सरळ लिहिलेलं असतं. ‘पीके’ने सुरुवात होत असेल तर ती झिप केलेली एक्सपीएस (मायक्रोसॉफ्टचा पीडीएफसारखा पानांचा प्रकार) असण्याची शक्यता मोठी. नोटपॅडमधून ‘सेव्ह’ मात्र करू नका, बाइट बदलले की फाइल खरोखरच खराब होते.

यातली पोस्टस्क्रिप्ट सगळ्यात मजेदार. ॲडोबीची ही भाषा १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटरमधून घराघरांतल्या नाही, तरी कार्यालयांतल्या टेबलांवर पोहोचली. ती पानाचं चित्र नव्हे, चक्क प्रोग्राम आहे. ‘१०० ७०० मूव्हटू ३०० ७०० लाइनटू स्ट्रोक’ ही ओळ घ्या. आकडे आले की ते ताटांसारखे एकावर एक चळतीत ठेवले जातात. ‘मूव्हटू’ आलं की ते वरचे दोन आकडे उचलतं आणि लेखणी त्या जागी नेतं. ‘लाइनटू’ पुढचे दोन उचलून मार्ग आखतं, ‘स्ट्रोक’ त्यावर शाई फिरवतं. मोजमाप पॉइंटांत, ७२ पॉइंटांचा १ इंच, आणि शून्य डाव्या खालच्या कोपऱ्यात. म्हणजे ही २०० पॉइंटांची, सुमारे ७ सेंटिमीटरची आडवी रेघ झाली. शेवटी ‘शोपेज’ म्हटलं की पान बाहेर.

या भाषेत चलं (किंमत साठवणारी नावं) आहेत, अटी आहेत, आवर्तनं (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणं) आहेत. कधीच न संपणारं आवर्तन दोन-चार शब्दांत लिहिता येतं आणि प्रिंटर विचार करत बसतो. चाळिसाव्या पानाची मांडणी पहिल्या पानावर ठरवलेल्या चलावर अवलंबून असू शकते, म्हणून मधलंच पान उचलून दाखवता येईल याची खात्री नसते. सुरुवातीपासून प्रोग्राम चालवावा लागतो. १९९३ साली आलेल्या पीडीएफने नेमकी हीच मुभा काढून घेतली. पानाच्या वर्णनात आवर्तनं नाहीत, अटी नाहीत, आणि फाइलच्या शेवटी कोणती वस्तू कितव्या बाइटपाशी आहे याची सूची. तेव्हा पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करणं म्हणजे प्रोग्राम चालवून त्याने काय काय रेखाटलं ते टिपून घेणं. पोस्टस्क्रिप्ट वाचणारा घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम हेच करतो: ‘पीएसटूपीडीएफ’ आज्ञेपुढे आधी मूळ फाइलचं आणि मग नव्या फाइलचं नाव द्यायचं. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल हा परका प्रोग्राम असतो, म्हणून घोस्टस्क्रिप्टची आवृत्ती जुनी ठेवू नका. फाइलींवर हात टाकू न देणारा ‘सेफर’ पर्याय ९.५० पासून आपोआप चालू असतो. पीसीएलसाठी त्याच कुटुंबातलं घोस्टपीसीएल आहे.

खासगी ठिपक्यांच्या भाषेपुढे मात्र ही साधनं सहसा हात टेकतात. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, ए४ पान म्हणजे सुमारे ३.४८ कोटी ठिपके. तिथे अक्षर उरलेलंच नसतं. ‘कुठलीही पीआरएन एका क्लिकमध्ये वर्डमध्ये’ अशा जाहिराती करणाऱ्या संकेतस्थळांकडे म्हणूनच संशयाने पाहावं. शिवाय आपला कागद परक्या सर्व्हरवर जातो तो वेगळाच.

देवनागरीचं आणखी एक दुखणं. छापायला पाठवताना ‘क्षि’चे युनिकोड घटक जात नाहीत, जातात ते फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक, तेही पहिली वेलांटी आधी आणि जोडाक्षर नंतर अशा क्रमाने. म्हणून पीडीएफ दिसायला सुबक झाली तरी त्यातून मजकूर कॉपी केला की भलतंच काही चिकटतं. शोध लागायला हवा असेल तर मूळ दस्तऐवजातूनच पीडीएफ काढा.

पुढे रूपांतर करायचं हे आधीच ठाऊक असेल तर पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर बसवून त्याला ‘फाइल’ पोर्ट द्या. प्रत्यक्ष प्रिंटर लागत नाही. त्याच्या प्रगत पर्यायांत ‘ऑप्टिमाइझ फॉर पोर्टेबिलिटी’ निवडा आणि ट्रूटाइप फॉन्ट ‘सॉफ्टफॉन्ट म्हणून डाउनलोड’ वर ठेवा. ‘डिव्हाइस फॉन्टने बदला’ असं राहिलं तर फॉन्ट फाइलमध्ये न येता फक्त त्याचं नाव येतं आणि दुसरीकडे अक्षरांची वळणं व रुंदी बिघडते. नुसता साधा मजकूर पाठवणारा ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर देवनागरीसाठी विसरा.

रूपांतर न करता नुसतं छापायचं असेल तर ती फाइल त्याच मॉडेलच्या, निदान तीच भाषा समजणाऱ्या प्रिंटरकडे जशीच्या तशी पाठवावी लागते. विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करून कमांड प्रॉम्प्टवर ‘कॉपी’ आज्ञा द्या. तिला स्लॅश-बी जोडा, मग फाइलचं नाव आणि प्रिंटरचा शेअर-पत्ता. ते ‘बी’ बायनरीचं. नसेल तर उपकरणाकडे पाठवताना फाइल मजकूर समजली जाऊ शकते, आणि २६ क्रमांकाचा पहिला बाइट भेटताच ‘फाइल संपली’ असं धरून पाठवणं थांबतं. अर्धं पान छापून प्रिंटर गप्प बसला तर आधी हे तपासा. चुकीच्या भाषेच्या प्रिंटरकडे गेली तर उलट प्रकार होतो: पानामागून पान अगम्य चिन्हं. तेव्हा काम रद्द करा, कागदाचा ट्रे ओढून काढा.

कागदाचा आकार, ट्रे आणि दुतर्फा छपाई सहसा फाइलमध्येच गोठलेली असते. प्रतींची संख्यासुद्धा. साठवताना २० प्रती निवडल्या असतील तर फाइल जेव्हा जेव्हा पाठवाल तेव्हा २० निघण्याची तयारी ठेवा.