बीअरस्टाट की मोरॅन? चित्र कोणाचं ते कसं ओळखायचं

बर्फाचे डोंगर, खोल दरी, ढगांतून उतरलेलं ऊन, असं अमेरिकेच्या पश्चिमेचं एखादं भलंमोठं जुनं निसर्गचित्र दिसलं की ते बऱ्याचदा आल्बर्ट बीअरस्टाटचं असतं नाहीतर थॉमस मोरॅनचं, आणि लोक सर्रास एकाचं चित्र दुसऱ्याच्या नावावर टाकतात. गोंधळ होणारच म्हणा. एक १८३० साली जर्मनीत जन्मला, दुसरा १८३७ साली इंग्लंडमध्ये, दोघंही लहानपणीच अमेरिकेत आले, दोघंही सर्व्हेच्या तुकड्यांबरोबर पश्चिमेला गेले आणि दोघांच्याही नावाचे डोंगर आहेत तिकडे.

बीअरस्टाट जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला शिकला, त्यामुळे हात एकदम घोटीव. १८५९ मध्ये फ्रेडरिक लँडरच्या सरकारी सर्व्हे तुकडीबरोबर गेला, तिथली स्केचेस आणि फोटो घेऊन आला आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसून मोठी चित्रं काढली. १८६३ चं 'रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक' बघा, पुढे शोशोनी या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांचा तळ, मधे आरशासारखं तळं, धबधब्यावर नेमकं ऊन आणि मागे शिखरं, तीही खऱ्यापेक्षा भव्य. नाटकातला सेट लावावा तसं सगळं मांडलेलं. १८६५ मध्ये ते २५,००० डॉलर्सना विकलं गेलं!

मोरॅनचं वेगळं. तो आधी छपाईसाठी लाकडावर चित्रं कोरायला शिकलेला आणि इंग्लिश चित्रकार टर्नरचा इतका भक्त की १८६२ मध्ये खास इंग्लंडला जाऊन त्याची चित्रं कॉपी करत बसला. म्हणून त्याच्याकडे तळी, हरणं कमी आणि रंग, वाफ, धुकं जास्त. गरम झऱ्यांचा यलोस्टोनचा परिसर तर त्यानं न बघताच, दुसऱ्याच्या कच्च्या स्केचेसवरून एका मासिकासाठी काढला होता, मग राहवेना, उसने पैसे घेऊन १८७१ मध्ये भूवैज्ञानिक हेडनच्या सर्व्हे तुकडीत सामील झाला. घोड्यावर बसायची सवय नाही, हाडकुळा माणूस, खोगिरावर उशी ठेवून रपेट करायचा, पण तिथले पिवळे-केशरी कडे आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचे रंग त्यानं जे वॉटरकलरमध्ये पकडले ते अफाट आहेत, माझ्या मते त्याचं खरं मोठेपण त्या छोट्या कागदांतच आहे.

इथे अजून एक गल्लत होते. मोरॅनच्या त्या १२ फुटी 'ग्रँड कॅनियन ऑफ द यलोस्टोन'मुळे नॅशनल पार्क झालं असं सांगतात, पण पार्कचा कायदा १ मार्च १८७२ चा आणि अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, ते चित्र १०,००० डॉलर्सना घेतलं ते त्यानंतर. आधी वॉशिंग्टनमध्ये फिरले ते हे वॉटरकलर्स आणि त्याच तुकडीतल्या फोटोग्राफर जॅक्सनचे फोटो. आणि मोरॅन जसंच्या तसं काढायचा असंही समजू नका, त्यानंही वेगवेगळ्या जागांचे देखावे एकाच चित्रात आणलेत, फक्त खडकाचा थर, त्याचा रंग यात तो तडजोड करत नाही.

पुढे बीअरस्टाटचे दिवस फिरले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अमेरिकन कमिटीनं त्याचं 'लास्ट ऑफ द बफेलो' नाकारलं, १८९५ मध्ये दिवाळं निघालं, १९०२ मध्ये गेला. मोरॅन मात्र १९२६ पर्यंत जगला आणि म्हातारपणीही कोलोराडो नदीच्या ग्रँड कॅनियनला जात राहिला.

तरीही शंका वाटली तर झूम करून सही बघा, यलोस्टोननंतर मोरॅननं आपल्या टी आणि एमच्या जोडीला वाय घातलाय, थॉमस 'यलोस्टोन' मोरॅन म्हणून.