'पोर्ट बिझी' म्हणजे बोर्ड जळाले, असे नव्हे

बडोद्यात अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर) प्रोजेक्ट करणाऱ्या आपल्या मराठी विद्यार्थ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे की, प्रोग्रॅम अपलोड करताना 'ॲक्सेस डिनाइड' किंवा 'पोर्ट बिझी' असा संदेश आला म्हणजे बोर्ड जळाले. हा समज निराधार आहे. विंडोजमध्ये एक सिरियल पोर्ट (संगणक ज्या मार्गाने बोर्डाशी बोलतो तो, म्हणजेच कॉम पोर्ट) एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. त्यामुळे पार्श्वभूमीत पुट्टी (सिरियल पोर्टवरून संवाद साधणारा प्रोग्रॅम) किंवा थ्रीडी प्रिंटरचे सॉफ्टवेअर तोच कॉम पोर्ट धरून बसले असेल, तर अपलोड अडते. ते बंद करावे, इतकेच.

'नॉट इन सिंक' हा संदेश मात्र वेगळा: तेथे पोर्ट उघडतो, पण बोर्डाकडून अपेक्षित उत्तर येत नाही. अर्डुइनोच्या ऊनो बोर्डावर ० आणि १ या पिना यूएसबीच्या संवादासाठीही वापरल्या जातात, आणि यूएसबी चिप व त्या पिना यांच्यामध्ये १ किलोओहमचे रेझिस्टर असल्यामुळे ० क्रमांकाच्या पिनेला थेट जोडलेल्या एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूलचा सिग्नल संगणकाकडून येणाऱ्या सिग्नलवर वरचढ ठरतो. अपलोडपुरती ती वायर काढली की काम होते. (चुकीचा बोर्ड निवडला असला तरी हाच संदेश येतो, ते आधी पाहावे.)

अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधील पोर्टच्या यादीत पोर्टच दिसत नसेल, तर नवे बोर्ड घेण्यापूर्वी केबल बदलून पाहावी, कारण काही चार्जिंग केबलींत डेटाच्या तारा नसतातच.