उपचारांची तुलना करणाऱ्या संशोधनाला अमेरिकेतील सार्वजनिक अनुदान : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

एकाच आजारावर दोन उपचार रूढ असतील, तर कोणता कोणत्या रुग्णाला अधिक लागू पडतो हे तपासणाऱ्या संशोधनाला अमेरिकेत ‘पेशंट-सेंटर्ड आउटकम्स रिसर्च इन्स्टिट्यूट’, म्हणजेच पीसीओआरआय, अनुदान देते. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यान्वये स्थापन झालेल्या या संस्थेचा निधी सरकारी तिजोरीतून आणि आरोग्य विमा योजनांवरील शुल्कातून उभा राहतो. २०१९ मध्ये त्याला आणखी १० वर्षांची मुदतवाढ मिळाली.

अर्ज संस्थेच्या नावेच करावा लागतो, व्यक्तीला तो करता येत नाही. विद्यापीठे, रुग्णालये, सरकारी तसेच खासगी संशोधन संस्था पात्र आहेत, मग त्या नफा कमावणाऱ्या असोत वा नसोत. परदेशी संस्थेला मात्र अमेरिकी आरोग्यव्यवस्थेला होणारा लाभ स्पष्ट दाखवावा लागतो.

खरी कसोटी विषयाच्या निवडीत आहे. तुलनेतील उपचार प्रत्यक्ष वापरात असलेले आणि गुणकारी ठरलेले हवेत. ‘नेहमीचे उपचार’ एवढाच मोघम उल्लेख सहसा चालत नाही, त्यात नेमके काय येते ते लिहावे लागते. हृदयविकाराच्या सुमारे १५,००० रुग्णांमध्ये ॲस्पिरिनच्या ८१ आणि ३२५ मिलिग्रॅम मात्रांची तुलना करणारी ‘अडॅप्टेबल’ चाचणी याच निधीतून झाली. प्रश्न साधा, पण डॉक्टरांना रोज पडणारा. असाच प्रश्न येथे टिकतो. खर्चाच्या तुलनेत उपचार परवडतो का, हे मोजणाऱ्या अभ्यासाला मात्र येथे अनुदान मिळत नाही.

निधीची घोषणा झाल्यावर प्रथम ऑनलाइन प्रणालीवर आशयपत्र (नियोजित संशोधनाची थोडक्यात रूपरेषा) भरावे लागते, आणि ते स्वीकारले गेले तरच संपूर्ण अर्जाचे निमंत्रण येते. म्हणून आशयपत्र ही औपचारिकता समजू नये. संपूर्ण अर्जासोबत संशोधन आराखडा, प्रमुख संशोधकांचा परिचय, अंदाजपत्रक व त्याचे समर्थन आणि सहभागी संस्थांची पाठिंबापत्रे जोडावीत. संशोधनाच्या आखणीत रुग्णांचा सहभाग कसा असेल, हा भाग अनेकजण शेवटी घाईने उरकतात. पण परीक्षकांमध्ये शास्त्रज्ञांबरोबर रुग्णही असतात, आणि तो भाग ते बारकाईने वाचतात.

अनुदान मिळालेल्या संस्थेने अंतिम अहवाल तज्ज्ञ परीक्षणासाठी सादर करणे बंधनकारक असते, आणि निष्कर्षांचा सोप्या भाषेतील सारांशही जाहीर केला जातो.